ज्याचा टाळ थांबत नाही

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा नदी ओलांडते, नदीत पादुकांना स्नान घातलं जातं आणि सोहळा पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात येतो. जिल्ह्यातला पहिला मुक्काम लोणंदचा. खंडाळा तालुक्यातलं हे गाव एरवी लोकांना माहीत असतं ते कांद्याच्या बाजारामुळे आणि पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच्या स्टेशनामुळे. पालखी आली की गावाची वस्ती एका दिवसात कित्येक पटींनी फुगते. तळावर राहुट्या पडतात, टँकरसमोर रांगा लागतात, पावसाने चिखल होतो. त्या चिखलात मराठवाड्यातला शेतकरी, पुण्यातला कारकून, कोकणातली आजी आणि मुंबईतला निवृत्त पोस्टमन एकमेकांच्या पायांशी पाय लावून झोपतात.

आता दुसरं चित्र बघा. चोवीस बिऱ्हाडांची एक सोसायटी. सगळे शिकलेले, सगळ्यांच्या घरात नळ, डोक्यावर पक्कं छप्पर. आणि पाण्याची मोटर किती वाजता सुरू करायची, एवढ्या एका प्रश्नावरून दोन घरांत सहा वर्षं अबोला.

लाखो थकलेली, भिजलेली माणसं सुमारे तीन आठवडे एकत्र चालून पंढरपूर गाठतात. मग चोवीस बिऱ्हाडांना एक मोटर का झेपत नाही? वारीत फक्त गोड स्वभावाची माणसं येतात, असं कुणी सांगितलं तर समजावं की तो वारीला गेलेला नाही. आपल्या आळीत प्रत्येक बैठकीत आवाज चढवणारे जे काका असतात, तेही दरवर्षी वारीला जातात. तिथे ते बरे वागतात आणि परत आल्यावर आठवडाभरात पुन्हा पहिल्यासारखे होतात. माणूस तोच, स्वभावही तोच. म्हणजे फरक कशात पडतो ते माणसाच्या बाहेर शोधायला हवं.

तिरसटपणा येतो कुठून?

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि स्वतःच्या वागण्याचं कारण परिस्थितीत. मी ओरडलो तर माझं डोकं दुखत होतं. तो ओरडला तर तो मुळातच खवट. हा हिशेब इतका सवयीचा आहे की मानसशास्त्रज्ञांनी त्याला नावच देऊन टाकलं. मराठीत त्याला ‘स्वभावावर खापर फोडण्याची चूक’ म्हणता येईल.

ही चूक केवढी मोठी असू शकते हे 1973 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या संशोधकांनी एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय तर वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी वाटसरूची बायबलमधली गोष्ट हाच होता. वाटेत एका बोळात एक माणूस खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यातले 63 टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘तुम्हाला उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले 10 टक्के. कोण किती धार्मिक आहे, कोण कशावर बोलणार आहे, यापेक्षा घाई किती आहे यावरच बरंचसं ठरलं.

आळीतल्या काकांना हाच न्याय लावून पाहा. गुडघे दुखत असतील. रात्री तीनदा उठावं लागत असेल. एका कानाने कमी ऐकू येत असेल, आणि हे कारण आपल्या सहसा लक्षातच येत नाही. ज्याला नीट ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो आणि आपल्याला वाटतं तो भांडतोय. चार माणसं हसली की ती आपल्यालाच हसतायत असं त्याला वाटतं. विनोद समजत नाही, म्हणून तो हसत नाही. पाच-सहा वर्षांत अशा माणसाची गावभर ‘तिरसट’ म्हणून ख्याती होते आणि त्याचं औषध मात्र कान तपासणाऱ्या डॉक्टरकडे असतं.

प्रत्येक खवट माणसामागे एखादं दुखणं दडलेलं असतंच असं मी म्हणत नाही. काही माणसं नुसतीच खवट असतात. पण कोण दुखण्याने खवट आहे आणि कोण हौसेने, हे पहिल्या भेटीत कळण्याची कुठलीही सोय निसर्गाने केलेली नाही.

‘अरे’ला ‘का रे’ आणि भावकीचं गणित

कुणी आपल्यावर ओरडलं की शरीर आपल्याला न विचारता तयारीला लागतं. छाती धडधडते, श्वास भरभर होतो, स्नायू ताठ होतात. धोका आला की लढायचं किंवा पळायचं, अशी ही जुनी व्यवस्था. वाघासमोर ती उपयोगाची होती. सोसायटीच्या सभेत वाघ नसतो, पण शरीराला तो फरक कळत नाही. चूल विझवली तरी तवा काही वेळ तापलेलाच राहतो. तसं भांडण थांबल्यावरही अंगातली ही तयारी लगेच ओसरत नाही. त्या तापल्या तव्यावर पडलेला पुढचा शब्द, मग तो कितीही साधा असो, चरचरतोच. म्हणून ‘उद्या सकाळी बोलू’ या वाक्याला घाबरटपणा समजू नये. तवा निवायला दिलेला तो वेळ असतो.

दोन माणसांच्या अशा देवाणघेवाणीचं गणित कसं चालतं, हे रॉबर्ट अॅक्सलरॉड या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने 1980च्या सुमारास संगणकावर तपासलं. त्याने वेगवेगळ्या तज्ज्ञांकडून खेळाडू-प्रोग्रॅम मागवले आणि त्यांना एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळवलं. प्रत्येक डावात समोरच्याला सहकार्य करायचं की दगा द्यायचा, एवढाच निर्णय. भलेभले गुंतागुंतीचे प्रोग्रॅम आले होते. जिंकला तो सगळ्यांत साधा, अनातोल रॅपोपोर्टने पाठवलेला. त्याचा नियम एवढाच: पहिल्या डावात चांगलं वागायचं आणि पुढे समोरचा मागच्या डावात जसा वागला तसं. फटक्याला फटका, पण सुरुवात नमस्काराने.

या नियमात एक भोक आहे आणि ते आपल्या गावांना फार जुनं ठाऊक आहे. असे दोघे समोरासमोर असले आणि एकाकडून एकदा चुकून दगा झाला, तर दुसरा फेडतो, मग पहिला फेडतो, मग पुन्हा दुसरा. शेवटच नाही. बांध कोरण्याची भांडणं अशीच चालतात. नांगर एकदा वीतभर पलीकडे गेला, मुद्दाम की चुकून ते आता कुणालाच आठवत नाही. पुढच्या पेरणीला शेजाऱ्याने वीतभर परत घेतला, त्यावर आणखी बोटभर व्याज. तिसऱ्या पिढीत बांध पायवाटेएवढा उरतो आणि वकिलाच्या घराला वरचा मजला चढतो.

पुढच्या संशोधकांना यावर उपाय सापडला. फटक्याला फटका ठेवायचा, पण अधूनमधून एखादा फटका गिळायचा. दर वेळी गिळला तर समोरचा सोकावतो, कधीच गिळला नाही तर साखळी तुटत नाही. अशा उदार खेळाडूला चुकीनंतर पुन्हा सहकार्याकडे वळता येतं. या उपायाचा साधेपणा मला फार आवडतो: समोरच्याचं मन बदलावं लागत नाही, त्याचा इतिहास माफ करावा लागत नाही. आपली पाळी आलेली असताना एकदाच गप्प बसायचं.

नाव ठेवणं आणि नाव देणं

मिनेसोटा विद्यापीठातल्या मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांचा 1977चा एक प्रयोग आहे. पुरुषांना अनोळखी स्त्रियांशी फोनवर बोलायला लावलं. काहींना आधी एका देखण्या स्त्रीचा फोटो दाखवला, काहींना तितक्या देखण्या नसलेल्या स्त्रीचा. दोन्ही फोटो पलीकडे बोलणाऱ्या स्त्रीचे नव्हतेच. आपण देखण्या बाईशी बोलतोय असं समजणारे पुरुष जास्त मोकळे आणि आपुलकीने बोलले. गंमत पुढे आहे. त्या फोटोबद्दल काहीही माहीत नसलेल्या पलीकडच्या स्त्रियाही खरोखर जास्त मोकळ्या, जास्त मनमिळाऊ बोलू लागल्या. नंतर फक्त त्यांचा आवाज ऐकणाऱ्या तिसऱ्याच लोकांनाही तो फरक जाणवला. अपेक्षा होती एकाच्या डोक्यात आणि उतरली दुसरीच्या आवाजात.

‘तो तिरसट आहे’ हा असाच एक फोटो. तो डोक्यात घेऊन आपण काकांच्या दारात जातो, घंटी वाजवण्याआधीच कपाळाला आठ्या. ‘वर्गणी द्यायची तर द्या’ असा आपला सूर. काकांना उत्तर तरी दुसरं कुठलं सुचणार?

वारीने या ठिकाणी एक साधी युक्ती केली आहे. तिथे प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणतात. टँकरवर घुसणाऱ्यालाही ‘माऊली, रांग तिकडून आहे.’ तंबूची दोरी तुडवणाऱ्यालाही ‘माऊली, पाय सांभाळा.’ हा शब्द ज्ञानेश्वरांचा, म्हणजे समोरच्या माणसाला आपण त्याच नावाने हाक मारत असतो. त्यात पुन्हा वय न बघता एकमेकांच्या पाया पडायचं. ज्याच्या पायावर आपण आत्ताच डोकं ठेवलं त्याच्या अंगावर पुढच्या मिनिटाला धावून जाणं अवघड जातं. अशक्य नाही, अवघड. वारी त्या अवघडपणावरच बरंचसं काम भागवते. ‘माऊली’ म्हणताना मनात प्रेम दाटून येण्याची कुणी वाट बघत नाही. शब्द आधी उच्चारला जातो, भाव मागून चालत येतो. कधी येतही नाही, पण रांग मात्र नीट लागते.

तळावरचा शेवटचा टाळ

एवढ्यावर लाखो माणसं चालली असती असं मला वाटत नाही. गोड शब्दांनी तक्रारी मिटत नाहीत, झाकल्या जातात. वारीतली खरी युक्ती संध्याकाळी तळावर दिसते.

ही व्यवस्था उभी करण्याचं श्रेय हैबतबाबा आरफळकर यांना दिलं जातं. आरफळ हे सातारा जिल्ह्यातलंच गाव. शिंदे सरदारांच्या पदरी नोकरी केलेला हा माणूस. पालखी सोहळ्याला आजचं रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी दिलं. दिंड्यांचा क्रम, चालण्याची आणि विसाव्याची शिस्त, चोपदार, अश्व. लष्करी तळाचा अनुभव असलेला माणूस भजनात रमला की काय होतं, ते या सोहळ्यात दिसतं.

तर संध्याकाळी पालखी तळावर येते, दिंड्या भोवती गोल करून उभ्या राहतात. हजारो टाळ-मृदंग एकदम वाजत असतात. मधोमध चोपदार आपला दंड उंच करतो आणि ‘हो’ म्हणून हाळी देतो. त्या क्षणी टाळ थांबतात, पखवाज थांबतात. एवढा मोठा जमाव क्षणभरात चिडीचूप होण्याचा तो अनुभव शब्दात सांगणं कठीण आहे.

कधी कधी मात्र एखाद्या कोपऱ्यात एक टाळ वाजतच राहतो. तो चुकून वाजत नसतो. त्या दिंडीची काहीतरी तक्रार आहे, असा त्याचा अर्थ. चोपदार तिकडे जातो, काय झालं ते विचारतो. कुणी क्रम मोडला असेल, जागेवरून काही झालं असेल, कुणाला कुणी बोललं असेल. ऐकून घेतलं जातं, तोडगा काढला जातो आणि मगच तो टाळ थांबतो. मग हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते, आरती होते. याला समाज आरती म्हणतात.

┌─────────────────────────
चौकट: त्या एका टाळात काय काय दडलंय?

तक्रारीला ठरलेली वेळ आहे, म्हणून ती दिवसभर वाटेत सांडत नाही.

तक्रार सगळ्यांसमोर होते, पण शिवीगाळीने होत नाही. राग टाळाच्या आवाजात सांगायचा असतो.

ऐकणारा माणूस ठरलेला आहे. तो चालत तक्रारदाराकडे जातो, तक्रारदाराला कुणाच्या टेबलापुढे उभं राहावं लागत नाही.

टाळ वाजवते ती दिंडी. एकट्या माणसाला ‘भांडकुदळ’ ठरण्याची भीती नाही, आणि एकट्याची निव्वळ सणक असेल तर ती दिंडीतच विरते.

तक्रार रोजची रोज संपते. उद्याच्या वाटचालीवर तिचं ओझं नाही.
└─────────────────────────

आता सोसायटीच्या मोटरकडे परत या. समजा, तिथल्या काकांची तक्रार अशी की सकाळी सहाला मोटर लावली तर वरच्या मजल्यावर पाणी येईपर्यंत आठ वाजतात. मुद्दा बरोबर आहे की चूक, हा भाग नंतरचा. तो सांगायचा कुठे? वार्षिक सभा वर्षातून एकदा. सचिव फोन उचलत नाहीत. ग्रुपवर लिहिलं तर खाली चार जण हसण्याचं चिन्ह टाकतात. मग ती तक्रार जिन्यात बाहेर पडते, दुधवाल्यावर पडते, पार्किंगमध्ये खेळणाऱ्या पोरांवर पडते. वाफ बाहेर पडायला शिट्टी नसली की कुकरचं झाकण उडतं आणि आपण म्हणतो, हा कुकरच मेला भांडखोर.

नाथांची आंघोळ आणि आपली

या विषयावर बोलताना पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा येतेच. नाथ गोदावरीत स्नान करून येत, वाटेत एक माणूस त्यांच्या अंगावर थुंके, नाथ पुन्हा नदीवर जात. असं एकशेआठ वेळा झालं आणि शेवटी थुंकणाराच शरमला, अशी ती कथा. दुसरी विसोबा चाटींची. त्यांनी ज्ञानेश्वरादी भावंडांना छळलं आणि पुढे तेच विसोबा खेचर म्हणून नामदेवांचे गुरू झाले, असं परंपरा सांगते. ज्ञानेश्वर स्वतःदेखील लोकांच्या बोलण्याने दुखावून दार लावून बसले होते, आणि धाकट्या मुक्ताईने त्यांना बाहेर बोलावलं, ही ताटीच्या अभंगांमागची कथा आहे. ही शेवटची मला जास्त जवळची वाटते. इतक्या मोठ्या माणसालाही ‘पुरे झालं’ असं एकदा वाटलं होतं, याचा आधार वाटतो.

नाथांची कथा मात्र मी सोसायटीच्या सचिवाला सांगणार नाही. नाथांच्या पाठीशी नाथांचा अधिकार होता आणि शेजारी नदी होती. आपल्याला साडेनऊची गाडी पकडायची असते. संगणकावरच्या तसल्या खेळातही प्रत्येक दगा गिळणारा खेळाडू टिकत नाही, त्याला ओरबाडणारेच माजतात. म्हणून चांगुलपणाला हद्द लागते, आणि ती हद्द माणसावर न आखता वागण्यावर आखावी लागते. ‘तुम्ही वाईट आहात’ म्हटलं की भांडण. ‘काका, तुमचं ऐकतोय, पण शिवी दिलीत तर मी उठणार’ म्हटलं की निदान नियम तरी कळतो. आणि एकदा म्हटलं की खरोखर उठावं लागतं. पसायदानातली मागणीही याच बेताची आहे. तिथे दुष्ट माणसं नाहीशी व्हावीत असं मागितलेलं नाही, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागितलं आहे.

हे सगळं किरकिऱ्या, हेकट, तोंडाळ माणसांबद्दल चाललं आहे. घरात हात उगारणारा नवरा किंवा सुनेला उपाशी ठेवणारं घर हे ‘अवघड स्वभाव’ या सदरात येत नाही. तिथे पोलीस आणि कायदा आहे, आणि सोसणाऱ्या बाईला गोड बोलायचा सल्ला देणं हा आणखी एक अन्याय.

टाळ वाजवणारा चुकीचा असतोच असं नाही

‘अवघड माणूस’ हा शिक्का कोण मारतो, हेही बघायला हवं. बहुतेक वेळा ज्याची सोय चाललेली असते तोच मारतो. अस्पृश्य ठरवलेले संत चोखोबा मंदिराच्या बाहेर राहिले, आणि पुढची शतकानुशतकं वारीतल्याच पुष्कळ माणसांना विठ्ठलाच्या पायापर्यंत जाता येत नव्हतं. सगळ्यांना माऊली म्हणणाऱ्या लोकांनी ते चालवून घेतलं होतं. साने गुरुजी पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून फिरले, शेवटी 1947च्या मे महिन्यात उपोषणाला बसले, तेव्हा ‘शांत चाललेल्या गावात हे कशाला’ असं वाटणारे लोक कमी नव्हते. गुरुजींसारखा मऊ माणूस त्या दिवसांत पुष्कळांना अवघड वाटला. सगळे टाळ थांबलेले असताना त्यांचा वाजत राहिला आणि मंदिर उघडलं.

गावपातळीवर तक्रार ऐकणारा असा कान तयार करण्याचा एक सरकारी प्रयत्नही आपल्याकडे झाला. सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने समिती नेमायची, कोर्टात किंवा पोलीस ठाण्यात जाणारी भांडणं गावातच समजुतीने मिटवायची, चांगलं काम करणाऱ्या गावाला बक्षीस. कल्पना समाज आरतीच्याच घराण्यातली. धोकाही त्याच घराण्यातला: बक्षिसासाठी तंटा मिटवणं आणि तक्रार करणाऱ्याला गप्प बसवणं या दोन गोष्टी कागदावर अगदी सारख्या दिसतात. ज्या गावात समितीचा अध्यक्ष चोपदारासारखा उठून तक्रारदाराच्या दाराशी गेला तिथे भांडण मिटलं. जिथे त्याने तक्रारदाराला चावडीवर बोलावून झापलं, तिथे ते बांधावर जाऊन बसलं.

तुमच्या सोसायटीत, आळीत, तालमीत असे एक काका असतील. त्यांना सुधारायच्या भानगडीत पडू नका. महिन्यातला एक दिवस आणि ऐकणारं एक माणूस ठरवा, आणि पहिल्या वेळी तुम्हीच जिना चढून त्यांच्याकडे जा. कान तपासून घेण्याबद्दलही विचारा, पण ते चहा झाल्यावर. आणि पुढच्या आषाढात जमलं तर पालखी लोणंदला असेल त्या संध्याकाळी तळावर या. मुक्काम संपला की सोहळा तरडगावकडे निघतो, वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण असतं, आणि लोक त्याच्यासाठी येतात. तुम्ही त्याआधी, पालखी तळावर पोचते त्या संध्याकाळीच या आणि चोपदाराने दंड उचलल्यावर कान देऊन उभे राहा.